पेनड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही: लिनक्स मिंटवर नेमकं कुठे अडतं?

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. विंडोजवरच्या व्हायरसला कंटाळून एका मशीनवर लिनक्स मिंट २२ टाकलं, सिनॅमन डेस्कटॉपसह. पहिले काही दिवस गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावले की आपोआप खिडकी उघडायची. जुन्या कामांची एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क मात्र 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असं म्हणून अडली. मग एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची, याची ही यादी) एक ओळ टाकली. डिस्क उघडली, पण तेव्हापासून काही पेनड्राइव्ह दिसतात, काही दिसत नाहीत. फोटोग्राफरची कार्डं उघडतात, पण फ्लॅटपॅकमधून (अ‍ॅप वेगळं, बंदिस्त पुडक्यात देण्याची पद्धत) घेतलेल्या एका फोटोच्या अ‍ॅपमध्ये ती सापडत नाहीत. आणि सोमवारी सकाळी तर मशीन दीड मिनिट थांबून काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' म्हणत बसलं. सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करू का?

नका करू. तक्रारी चार आहेत, पण त्यांतल्या दोन त्या एका ओळीच्या पोटातून आल्या आहेत. न दिसणारे पेनड्राइव्ह आणि सोमवारची सकाळ, दोन्ही.

माझा अंदाज बरोबर आहे का, ते एका मिनिटात तपासता येईल. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, मशीन चालू करा, आणि डिस्क तशीच जोडलेली ठेवून तो 'न दिसणारा' पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावा. दिसला? मग पेनड्राइव्ह निर्दोष आहे आणि तुम्ही उगाच गिऱ्हाइकाला 'तुमचा खराब आहे' म्हणून परत पाठवलंत.

याचं कारण नावांत आहे. लिनक्स डिस्कांना येतील त्या क्रमाने नावं देतो. आतली साटा डिस्क एसडीए, त्यानंतर जी पहिली जोडली जाईल ती एसडीबी, पुढची एसडीसी. डिस्कवरच्या पहिल्या भागाला एसडीबी१. म्हणजे हे दवाखान्यातलं टोकन झालं. आज पाच नंबर तुमचा, उद्या दुसऱ्याच कुणाचा. व्हिडिओवाल्याने तुम्हाला बहुधा अशी ओळ लिहायला लावली: /डेव्ह/एसडीबी१ हा भाग /एमएनटी खालच्या अमुक फोल्डरवर एनटीएफएस-३जी (विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क वाचणारा ड्रायव्हर) म्हणून लाव, बाकी डीफॉल्ट्स. त्या दिवशी एसडीबी१ ही तुमची हार्ड डिस्क होती. मशीन सुरू झाल्यावर हार्ड डिस्क काढून ठेवली आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आला, की तोच एसडीबी१ होतो आणि त्या ओळीच्या तावडीत सापडतो.

पुढची गंमत अशी की, तो नुसता अडत नाही, तो अदृश्यच होतो. डाव्या पट्टीत कुठली डिस्क दाखवायची, ते जीव्हीएफएस नावाची यंत्रणा ठरवते. एखाद्या भागाची जागा एफएसटॅबमध्ये आधीच ठरलेली असेल आणि ती जागा /मीडिया, /रन/मीडिया किंवा तुमच्या होम फोल्डरच्या बाहेर असेल, तर 'हा व्यवस्थापकाचा खासगी कारभार दिसतो' असं धरून ती यंत्रणा तो भाग लपवते. सर्व्हरच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. झेरॉक्सच्या दुकानात मात्र काउंटरवर माणूस उभा असतो आणि तुम्ही पेनड्राइव्ह उलटासुलटा करत बसता. 'काही दिसतात' याचं उत्तरही यातच आहे. हार्ड डिस्क जोडलेली असताना पेनड्राइव्ह एसडीसी१ होतो आणि सुटतो. ज्या पेनड्राइव्हवर पार्टिशनच नाही, सगळाच एक तुकडा आहे, तो नुसता एसडीबी म्हणून येतो. त्याच्या नावात एक नसल्यामुळे तोही सुटतो.

सोमवारचं कोडंही इथेच सुटतं. एफएसटॅबमध्ये नाव असलेली डिस्क सुरू होताना मिळायलाच हवी, असं सिस्टमडी (मशीन सुरू करताना सगळी कामं क्रमाने उठवणारी यंत्रणा) धरून चालतं. ते ९० सेकंद वाट बघतं, नाही मिळाली तर 'महत्त्वाची डिस्क गायब आहे' म्हणून इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं. तुमचं दीड मिनिट ते हेच.

उपाय सोपा आहे आणि टर्मिनलशिवाय, म्हणजे आज्ञा टाइप न करता, होतो. हार्ड डिस्क जोडून मशीन सुरू करा, म्हणजे इमर्जन्सी मोड येणार नाही. मेनूतून 'डिस्क्स' उघडा, डावीकडे बाहेरची डिस्क निवडा, तिच्या भागावर टिचकी मारा, खालच्या दातेरी चाकातून 'एडिट माउंट ऑप्शन्स' घ्या. तिथे 'यूझर सेशन डीफॉल्ट्स' नावाचा खटका आहे, तो चालू करा. पासवर्ड विचारेल. एफएसटॅबमधली ओळ गेली. मशीन एकदा पुन्हा सुरू करा, या वेळी हार्ड डिस्क काढून.

व्हिडिओंवर माझा एक राग आहे, तो इथेच काढून घेतो. 'डिस्क आपोआप माउंट होत नाही' (म्हणजे लावली तरी वापरण्यासाठी फोल्डरला जोडली जात नाही) असं म्हटलं की पन्नासातले चाळीस जण एफएसटॅब उघडायला सांगतात. एफएसटॅब ही कायम जागेवर असणाऱ्या डिस्कांची यादी आहे. येऊन-जाऊन असणाऱ्या पाहुण्याचं नाव कुणी रेशनकार्डात घालतं का? बाहेरची डिस्क तिथे घालायचीच असेल, उदाहरणार्थ रोजच्या बॅकअपसाठी ठरलेल्या जागी हवी असेल, तर एसडीबी१ लिहू नका. यूयूआयडी लिहा, तो त्या फाइल सिस्टमचा स्वतःचा असतो, रांगेचा नाही. पर्यायांत 'नोफेल' घाला, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होईल. आणि डाव्या पट्टीत दिसायला हवी असेल तर 'एक्स-जीव्हीएफएस-शो' हेही घाला. डेबियनच्या इन्स्टॉलरनेही हा घोळ अनेकांच्या पदरी घातला आहे. पेनड्राइव्हवरून डेबियन टाकलं की कधीकधी त्या पेनड्राइव्हचीच ओळ एफएसटॅबमध्ये मागे राहते, आणि नंतर येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह तिला अडखळतो. डेबियन वापरणाऱ्यांनी /मीडिया/यूएसबी० असं काही तिथे दिसतंय का ते बघावं.

आता ओळ काढल्यावर मूळ दुखणं परत येईल: हार्ड डिस्क पुन्हा 'राँग एफएस टाइप' म्हणेल. हा निरोप फार फसवा आहे. वाचून वाटतं की फॉरमॅटच चुकीचा आहे, आणि घाबरून लोक डिस्क फॉरमॅट करतात. थांबा. फॉरमॅट बरोबर आहे, डिस्कही बहुधा ठीक आहे. तिच्यावर 'डर्टी' असा शिक्का आहे, एवढंच. डिस्क नीट बंद न करता ओढून काढली, किंवा लिहिणं चालू असताना वीज गेली, की एनटीएफएस स्वतःवर हा शिक्का मारून ठेवतं: पुढच्याने आधी तपासणी करावी.

मग व्हिडिओतल्या ओळीने ती उघडली कशी? कारण एनटीएफएस वाचणारे चालक (ड्रायव्हर) लिनक्सवर दोन आहेत. जुना एनटीएफएस-३जी, तो समजूतदार आहे, शिक्का दिसला तरी उघडून देतो. दुसरा एनटीएफएस३, पॅरागॉन कंपनीने दिलेला, २०२१च्या अखेरीस ५.१५ या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. तो वेगवान आहे, पण नियमावर बोट ठेवणारा. शिक्का दिसला की माउंट करायला नकार. तुमच्या मिंट २२ मध्ये डिस्क आपोआप लावताना आधी याच्याकडे विचारणा होते. व्हिडिओतल्या ओळीत एनटीएफएस-३जी असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून काम झालं. दुखणं मात्र तसंच राहिलं, आणि शिक्का बसलेल्या डिस्कवर तुम्ही इतके दिवस फायली लिहीत आहात.

खरा इलाज विंडोजवर आहे. ज्या मशीनवर विंडोज आहे त्यावर ही डिस्क लावा, माय कॉम्प्युटरमध्ये तिच्यावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, टूल्स, आणि 'एरर चेकिंग'. झाल्यावर 'इजेक्ट' करूनच काढा. विंडोजचं मशीन हाताशी नसेल तर लिनक्सवर एनटीएफएसफिक्स नावाचं साधन आहे, त्याला वजा-डी हा पर्याय दिला की ते शिक्का पुसतं. पण ते विंडोजच्या तपासणीची जागा घेत नाही. किरकोळ दुरुस्त्या करतं आणि शिक्का काढतं. डिस्कवर लग्नपत्रिकांची दहा वर्षांची कामं असतील तर आधी फायली दुसरीकडे उतरवा, मग ते वापरा.

याच जातीचं आणखी एक दुखणं विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आलं आहे: 'फास्ट स्टार्टअप'. तुम्ही 'शट डाउन' म्हणता, पण विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि डिस्क आपल्याच ताब्यात आहे असं समजतं. त्या अवस्थेत काढलेली डिस्क लिनक्सवर नेली की ती उघडतच नाही, नाहीतर फक्त वाचण्यापुरती उघडते. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टम असणाऱ्यांना हे हमखास भेटतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. तातडीचं असेल तर 'शट डाउन'ऐवजी 'रिस्टार्ट' करा. रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर बंद होऊन उठतं.

हे सगळं करूनही एखादा पेनड्राइव्ह दिसला नाही, तर मग त्याची चौकशी करू. आपोआप माउंट होणं हे एकट्याचं काम नाही, चार जणांची हातोहात रांग आहे. कर्नलला यंत्र दिसतं. यूडेव्ह त्यावर कुठली फाइल सिस्टम आहे ते ओळखतं. यूडिस्क्स ती माउंट करायला तयार असतं. आणि डेस्कटॉप, म्हणजे तुमच्याकडे सिनॅमन, यूडिस्क्सला सांगतो की 'लाव'. कुणाच्या हातातून निसटलं ते कळलं की अर्धं काम झालं.

पहिला हात बघायला टर्मिनल उघडा, सुडोसह (म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने) डीएमईएसजी, ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा, लिहून जागा सोडून वजा-डब्ल्यू द्या (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं), आणि मग पेनड्राइव्ह लावा. काहीच ओळ उमटली नाही तर पेनड्राइव्ह, पोर्ट किंवा वायर यांपैकी एक मेलेलं आहे. सॉफ्टवेअरला हात लावू नका. 'एरर -७१' किंवा 'एरर -११०' अशा ओळी परत परत येत असतील तर बोलणं सुरू होऊन तुटतंय. बहुतेक वेळा वायर, पोर्ट किंवा वीज.

विजेबद्दल थोडं थांबतो, कारण यात माझे स्वतःचे दोन तास गेले आहेत. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९०० मिलीअँपिअर. फिरत्या तबकडीच्या छोट्या हार्ड डिस्कला पहिल्या फिरकीच्या क्षणी त्याहून जास्त लागू शकते. एका शाळेच्या लॅबमध्ये अशी डिस्क येत-जात होती. मी यूडिस्क्स पुन्हा टाकलं, कर्नल बदलला, सगळं केलं. शेवटी शिपाईमामांनी सहज वायर उचलून मागच्या पोर्टात लावली आणि डिस्क आली. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना आतून लांब बारीक वायर जाते, विजेचं पाणी तिथेच मुरतं. तेव्हापासून माझी पहिली सूचना कायम एकच: मागचा पोर्ट, आखूड वायर, मध्ये हब नको.

बाहेरच्या डिस्कबाबत आणखी एक प्रकार असतो. डीएमईएसजीत 'यूएएस' (यूएसबीवरून वेगाने माहिती नेण्याची पद्धत) शब्द असलेल्या चुका दिसतात आणि डिस्क मध्येच गोठते. काही स्वस्त एन्क्लोजरमधल्या (डिस्कच्या बाहेरच्या पेटीतल्या) चिपा त्या वेगवान पद्धतीचा दावा करतात, पण नीट निभावत नाहीत. त्या एका यंत्रापुरती ती पद्धत बंद करता येते. तशी ओळ दिसली तर कळवा, लांबण लावत नाही.

दुसरा हात: फाइल सिस्टम ओळखणं. एलएसबीएलके लिहून पुढे वजा-एफ द्या. एसडीबी१ समोर व्हीएफएटी, एक्सफॅट, एनटीएफएस असं काही दिसायला हवं. तिथे कोरं असेल तर यूडेव्हला ओळख पटलेली नाही, आणि ओळख पटली नाही तर पुढचे दोघे हात लावत नाहीत. कोरं का असतं? फॉरमॅट खरंच उडालेला असतो, किंवा एकाच पेनड्राइव्हवर दोन ओळखी असतात. हा दुसरा प्रकार तुमच्याकडे होण्याची शक्यता बरीच आहे, कारण मिंट टाकायला तुम्ही एक पेनड्राइव्ह बनवला असणार. त्यावर आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-प्रतिमा) लिहिल्यावर सीडीची खूण उमटते. नंतर तो घाईघाईत फॉरमॅट केला तर नवी खूण येते आणि जुनीही कोपऱ्यात शिल्लक राहू शकते. दोन आधारकार्डं बघितल्यावर यूडेव्ह दोन्ही नाकारतं. वाइपएफएस ही आज्ञा कुठल्याही पर्यायाविना चालवली तर फक्त खुणांची यादी दाखवते, धोका नाही. वजा-ए दिलं की सगळ्या खुणा पुसते, मग त्यावरच्या फायली गेल्याच समजा. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर हे कधीही नाही.

फोटोग्राफरच्या कार्डांची इथे नोंद करतो. ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात. मायक्रोसॉफ्टने २०१९च्या ऑगस्टमध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि २०२० मध्ये ५.७ या कर्नलपासून सॅमसंगचा चांगला चालक आत आला. तुमच्या मिंटला त्याचा त्रास नाही, म्हणूनच कार्डं उघडतात. जुन्या लिनक्सवाल्यांना मात्र एक्सफॅट-फ्यूज वेगळं टाकावं लागतं.

तिसरा हात यूडिस्क्स. यूडिस्कसीटीएल माउंट, मग वजा-बी, मग यंत्राचा पत्ता (/डेव्ह/एसडीबी१ असा), असं हाताने चालवून बघा. हाताने लागलं पण आपोआप लागत नसेल तर दोष चौथ्या हाताचा. हातानेही लागलं नाही तर जो निरोप येईल तो नीट वाचा. 'नॉट ऑथराइज्ड' आला तर प्रश्न परवानगीचा. समोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला बाहेरचा पेनड्राइव्ह लावायला पासवर्ड लागत नाही. दुरून, रिमोट डेस्कटॉपने किंवा एसएसएचने आलेल्याला लागतो. मशीनच्या आतल्या दुसऱ्या हार्ड डिस्कला समोर बसलेल्यालाही लागू शकतो. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेला बंदोबस्त आहे.

चौथा हात, डेस्कटॉप. तुमच्याकडे निमो फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'बिहेव्हियर' पानावर 'मीडिया हँडलिंग' आहे. तिथली आपोआप माउंट करण्याची खूण पुसली गेली आहे का बघा. एक्सएफसीई वापरणाऱ्यांनी थुनारच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावरचं 'व्हॉल्यूम मॅनेजमेंट' बघावं. केडीईवाल्यांनी लक्षात ठेवावं की तिथे पेनड्राइव्ह लावल्यावर फक्त सूचना येते, आपोआप माउंट होणं मुळात बंद असतं. ओपनबॉक्स किंवा आय३ असे नुसते विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांकडे हा चौथा माणूसच नसतो, त्यांनी तेच काम करणारं यूडिस्की टाकावं. आणि जीनोमवर स्क्रीन लॉक असताना लावलेला पेनड्राइव्ह लॉक उघडेपर्यंत थांबून राहतो. चहा पिऊन येईपर्यंत 'बिघडलं' म्हणून फोन करणारे मला भेटले आहेत.

फोटोच्या अ‍ॅपचं प्रकरण वेगळं आहे, त्यात माउंटचा दोष नाही. फ्लॅटपॅकमधून आलेलं अ‍ॅप स्वतःच्या कुंपणात राहतं, आणि बनवणाऱ्याने परवानगी मागितली नसेल तर त्याला /मीडिया दिसतच नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'फ्लॅटसील' घ्या, त्यात ते अ‍ॅप निवडा, 'फाइलसिस्टम' भागात 'अदर फाइल्स'मध्ये /मीडिया जोडा, अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा. किंवा तेच अ‍ॅप 'सिस्टम पॅकेज' म्हणून मिळत असेल तर ते घ्या, कुंपणाचा प्रश्नच मिटतो. स्नॅप (फ्लॅटपॅकसारखीच पद्धत) वापरणाऱ्या उबुंटूवाल्यांना हाच त्रास 'रिमूव्हेबल-मीडिया' या परवानगीच्या रूपाने भेटतो.

तुम्ही व्हायरसला कंटाळून इकडे आलात, म्हणून एक खुलासा. काही जण सांगतील की आपोआप माउंट बंदच करा, त्यातूनच व्हायरस येतात. आपोआप माउंट होणं आणि आपोआप चालणं या दोन गोष्टी आहेत. २००८ चा कॉन्फिकर पेनड्राइव्हवरून पसरला तो विंडोजच्या ऑटोरनच्या जोरावर, म्हणजे पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम विंडोज स्वतःहून चालवत असे. २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हसाठी ते बंद करणारं अपडेट सर्वांना दिलं. निमोमध्ये माउंट चालू ठेवा आणि तिथेच खाली प्रोग्राम चालवण्याबद्दल विचारणारी खूण आहे ती काढा. तुमच्या दुकानाला तेवढं पुरे.

शेवटची गोष्ट दुकानातल्या सवयीची, कारण शिक्का पुन्हा बसणार तो तिथूनच. लिनक्स फायली आधी मेमरीत घेतो आणि सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतो. कॉपीची पट्टी भरली म्हणजे काम झालं असं नाही. गिऱ्हाइकाची घाई असते, 'झालं ना?' म्हणून हात पेनड्राइव्हकडे जातोच. निमोच्या डाव्या पट्टीतली बाहेर काढायची खूण दाबा आणि 'आता काढू शकता' हा निरोप येईपर्यंत पैसे मोजत बसा. स्वस्त पेनड्राइव्हला यासाठी मिनिटभरही लागतो.

एवढं करून एखादा पेनड्राइव्ह अडलाच तर तीन गोष्टी कळवा: लावताना डीएमईएसजीत आलेल्या शेवटच्या वीसेक ओळी, एलएसबीएलके वजा-एफचं उत्तर, आणि हाताने माउंट करताना आलेला निरोप जसाच्या तसा. फोनने पडद्याचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त सरळ धरून काढा.